सांगलीतील एक उभी गाडी आणि १९५३ चा एक निर्णय

सांगलीला मामांच्या वाड्यात एक जुनी ऑटोमॅटिक मोटार तीन वर्षे ताडपत्रीखाली उभी होती. गेल्या दिवाळीत नवी बॅटरी बसवली, इंजिन सुरू झाले, लिव्हर 'डी'वर आणला. गाडी जागची हलेना. चार-पाच मिनिटांनी एकाएकी हिसका देऊन पुढे सरकली. दोन मिस्त्र्यांचे निदान एकच: 'गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल.' सांगितलेला खर्च गाडीच्या किमतीच्या आसपास होता.

गिअरबॉक्स गेला नव्हता. मात्र जाणत्या मिस्त्र्यांनाही तो गेला असे वाटावे, यामागे एक इतिहास आहे. आजचा थ्रेड त्याविषयी.

आधी यंत्र समजून घेऊ. हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत दाते दात्यांत अडकतात. तेल केवळ वंगणाचे काम करते. ऑटोमॅटिकमध्ये तेल हेच चालक असते. इंजिनावर फिरणारा पंप तेलाला दाब देतो, त्या दाबाने क्लचच्या चकत्या आवळल्या जातात आणि गिअर पडतो. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की टॉर्क कन्व्हर्टरमधील तेल हळूहळू खालच्या तबकात उतरते. वरच्या भागातील रबरी सील कोरडे पडून ताठरतात. जुन्या तेलाचा चिकट थर बारीक व्हॉल्व्ह अडकवतो. अशा वेळी गाडी हलत नाही म्हणून ॲक्सिलरेटर दाबणे सर्वांत घातक, कारण अपुऱ्या दाबाखाली चकत्या घसरतात आणि जळतात. दुसरी चूक अधिक फसवी आहे: तबकात उतरलेले तेल काडीवर जास्त दिसते, म्हणून कोणी ते काढून टाकतो.

ही रचना नवी नाही. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये, १९४० च्या ओल्ड्समोबिलसाठी, 'हायड्रामॅटिक' जाहीर केला. (त्याच वर्षी आपल्या औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी प्रजेला स्वराज्याची घटना दिली, संबंध काहीच नाही, पण सनावळी लक्षात राहते.) युद्धात हाच गिअरबॉक्स अमेरिकेच्या एम-५ स्टुअर्ट रणगाड्यात गेला: दोन कॅडिलॅक इंजिने आणि प्रत्येकाला एक हायड्रामॅटिक. नोव्हेंबर १९४८ मध्ये झोजिला खिंडीत भारतीय सैन्याने चढवले ते स्टुअर्टच. म्हणजे ऑटोमॅटिक गिअर भारताला अपरिचित नव्हता.

मग तो आपल्या गॅरेजपर्यंत का पोहोचला नाही? मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ पासून होता. १९५३ मध्ये सरकारने टॅरिफ कमिशनची शिफारस स्वीकारली: येथे टप्प्याटप्प्याने सुटे भाग घडवण्याची योजना नसेल, तर नुसत्या जुळणीला मुभा नाही. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनीही काढता पाय घेतला. उरलेल्यांत प्रमुख होते हिंदुस्तान मोटर्स आणि प्रीमियर. प्रीमियर वालचंद हिराचंद यांची. सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. अमेरिकेत ऑटोमॅटिक सर्वसामान्य होत होते, नेमक्या त्याच दशकात आपल्याकडे ॲम्बॅसिडर आणि फियाट यांचे राज्य सुरू झाले.

स्वदेशी उत्पादनाच्या दृष्टीने तो निर्णय मला चुकीचा वाटत नाही. पण त्याची एक किंमत होती. सातारा-सांगलीच्या मिस्त्र्यांच्या दोन-तीन पिढ्या ट्रक, ट्रॅक्टर आणि फियाटवर घडल्या. खंबाटकीच्या चढावर जळालेली क्लच प्लेट ते वासावरून ओळखतात. नव्वदच्या दशकात मारुती झेनची ऑटोमॅटिक आवृत्ती आली, तोवर उस्तादाकडून पोऱ्याकडे जाणाऱ्या विद्येत तेलाच्या दाबाचे निदान बसलेच नव्हते. म्हणूनच मामांच्या गाडीला आधी धक्का मारून पाहिला गेला. आरंभीच्या हायड्रामॅटिकला मागच्या बाजूला दुसरा पंप असे, तेव्हा धक्क्याने इंजिन सुरू होई; साठच्या दशकात तो पंप वगळला जाऊ लागला. आज धक्क्याचा उपयोग शून्य.

शेवटी कोल्हापूरच्या एका वयस्क मिस्त्र्याने इंजिन चालू ठेवून तेल तपासले, तेल आणि जाळी बदलली, न्यूट्रलवर दहा मिनिटे शांतपणे फिरू दिले आणि मग लिव्हर हलवला. गेल्या महिन्यात मामा त्याच गाडीने साताऱ्याला जाऊन आले. थंड असताना तिसरा गिअर अजूनही उशिरा पडतो. एखादा सील ताठरलेला आहे, तो पुढेमागे बदलावा लागेल.