एक पान काढायला सांगितलं, अख्खी आळी बंद झाली

एखादी पोस्ट 'भारतात उपलब्ध नाही' अशी दिसली की कमेंटमध्ये लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो बरं झालं, दुसरा म्हणतो गळचेपी. आदेश कुणी दिला, कोणत्या कलमाखाली, हे मात्र कुणीच विचारत नाही. म्हणून थोडा इतिहास.

सप्टेंबर २००३. मेघालयातल्या एका फुटीर संघटनेशी संबंधित एकच याहू ग्रुप बंद करा, असा केंद्राचा आदेश निघाला. इंटरनेट कंपन्यांना तेवढाच ग्रुप अडवता येईना. त्यांनी सगळेच याहू ग्रुप बंद केले! ज्यांचा मेघालयाशी काडीचा संबंध नाही, तेही गेले.

जुलै २००६. ११ तारखेला मुंबईच्या लोकलमध्ये बॉम्बस्फोट झाले. पुढच्या काही दिवसांत सरकारने मोजकी पानं अडवायला सांगितली. कंपन्यांनी ब्लॉगस्पॉट, टाइपपॅड, जिओसिटीज सरसकट बंद केले. ओरड झाली, तेव्हा 'सांगितलेलं तेवढंच अडवा' असं बजावावं लागलं.

डिसेंबर २०१४. आयसिसच्या प्रचाराचं कारण, मागणी मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाची. ३२ साइट बंद. त्यात प्रोग्रॅमर वापरतात ती गिटहब आणि जुनी वेब पानं जपून ठेवणारी इंटरनेट आर्काइव्हसुद्धा.

काही मजकूर काढलाच पाहिजे, यात वाद नाही. लहान मुलांच्या शोषणाचे व्हिडिओ, दंगल पेटवणाऱ्या अफवा यांची बाजू कुणी घेऊ नये. प्रश्न पद्धतीचा आहे.

आयटी कायद्याच्या कलम ६९-ए खाली २००९ साली नियम झाले. त्यातला नियम १६ सांगतो की तक्रार आणि कारवाई गुप्त ठेवायची. २०१२ साली पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली, त्यातून देशभर संताप उसळला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. २४ मार्च २०१५ ला कोर्टाने कलम ६६-ए रद्द केलं. ६९-ए मात्र कायम ठेवलं, कारण त्यात लेखी कारणं द्यावी लागतात आणि त्या आदेशाला हायकोर्टात आव्हान देता येतं. पण आदेशाचा कागदच हाती नसेल, तर आव्हान देणार कशाला?

१९०८ साली इंग्रजांनी टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. सहा वर्षांची शिक्षा झाली, न्याय झाला नाही. पण 'केसरी'तले कोणते लेख, कोणतं कलम, हे त्यांना माहीत होतं. भर कोर्टात त्यांनी स्वतः बाजू मांडली. परक्या सरकारने एवढं तरी दिलं होतं. आपल्या सरकारकडे त्याहून जास्त मागायला नको का?

तालुक्याच्या गावात बातमीदारी करणारा माणूस म्हणून माझी मागणी साधी आहे. मजकूर काढायचा तर काढा, पण लिहिणाऱ्याला आदेश दाखवा. कारण राष्ट्रीय वाहिनीकडे वकील असतो, गावच्या पेजवाल्याकडे नसतो.

तुमची पोस्ट गेली तर स्क्रीनशॉट, लिंक, तारीख आणि कंपनीचा मेल जपून ठेवा. आणि कारण लेखी मागा. न मागता कुणी देणार नाही.