खांदेरी कोणाची?

अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यासमोर दोन लहान बेटे आहेत : खांदेरी आणि उंदेरी. खांदेरीवरून मुंबई बंदरात ये-जा करणाऱ्या जहाजांवर नजर राहते. म्हणूनच १६७२ मध्ये शिवाजी महाराजांनी तेथे दुर्ग उभारू पाहिला, तेव्हा इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही आडवे आले.

१६७९ च्या पावसाळ्याअखेर मायनाक भंडारी माणसे घेऊन बेटावर उतरले व तटाचे काम सुरू झाले. बेट मुंबईचेच, असा इंग्रजांचा दावा होता. आधार काय, तर पोर्तुगिजांकडून मिळालेले आंदण! मराठ्यांनी कागदाला उत्तर दगडांनी दिले. कागद आणि ताबा यांतला हा पेच पुढेही सुटला नाही. १९५३ मध्ये फ्रान्स-ब्रिटनमधील मँकिए-एक्रेहो बेटांच्या वादात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मध्ययुगीन तहांपेक्षा प्रत्यक्ष ताब्याला अधिक वजन दिले.

इंग्रजांनी खांदेरीची नाकेबंदी केली. परंतु त्यांची मोठी जहाजे वाऱ्याच्या अधीन. मराठ्यांच्या हलक्या होड्या वल्ह्यांच्या जोरावर उथळ पाण्यातून रात्री रसद पोहोचवीत. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या आरमाराने हल्ला चढवून ‘डव्ह’ ही गुराब पकडली. इतर बहुतेक इंग्रजी नौका पळाल्या. ‘रिव्हेंज’ मात्र नेटाने लढली, हेही नोंदवले पाहिजे.

१६८० च्या आरंभी इंग्रजांनी माघार घेतली. त्यांच्या मदतीस आलेल्या सिद्दीने मात्र जानेवारीत शेजारची उंदेरी बळकावली, तिची तटबंदी केली आणि तोफा खांदेरीकडे रोखल्या.