वाचनालय कोणाच्या मालकीचे?

जुन्या वाचनालयाची स्मरणिका हाती आली की मी आधी संस्थेची घटना छापली आहे का ते पाहतो. कवीने असले रूक्ष काही वाचू नये, असे मित्र म्हणतात. पण महाराष्ट्रातल्या ग्रंथालयांचा निम्मा इतिहास त्या नियमांतच दडलेला आहे.

रत्नागिरीचे वाचनालय १८२८ चे, नाशिकचे १८४० चे, पुण्याचे १८४८ चे. सुरुवातीला पुढाकार बऱ्याच ठिकाणी इंग्रज अधिकाऱ्यांचा, पुढे शिकलेल्या नोकरदार-वकिलांचा. वर्गणी भरील तो सभासद आणि सभासद निवडतील ते कार्यकारी मंडळ, ही रीत रुजली. अर्थात वर्गणी परवडणारे थोडेच. स्त्रिया आणि बहुजन समाज आत यायला फार काळ गेला. ठाण्यात १८९३ साली विनायक लक्ष्मण भावे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खास मराठी ग्रंथांसाठी संग्रहालय काढले. मुंबईत तसेच १८९८ मध्ये निघाले.

या सुट्या मण्यांत दोरा ओवण्याचा विचार केला तो फैजी समितीने. मुंबई सरकारने १९३९ साली नेमलेल्या या समितीचे अध्यक्ष होते आसफ अली असगर फैजी. मुस्लिम कायद्याचे गाढे अभ्यासक म्हणून त्यांचे नाव आजही घेतले जाते. ग्रंथालयांसाठी त्यांनी केलेले काम मात्र ग्रंथपालांखेरीज फारसे कुणाला ठाऊक नसते. मध्यवर्ती ग्रंथालयापासून थेट खेड्यापर्यंत टप्प्याटप्प्याची साखळी त्यांनी १९४० च्या अहवालात आखून दिली. युद्धाच्या धामधुमीत अहवाल पडून राहिला. अंमल सुरू व्हायला १९४७ उजाडले.

महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा. मद्रास प्रांताने १९४८ मध्येच कायदा करून घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर बसवला होता. आपण कर बसवला नाही, आणि लोकांची वाचनालये ताब्यातही घेतली नाहीत. सरकारने मान्यता द्यावी, अ, ब, क, ड असे वर्ग ठरवून अनुदान द्यावे आणि कारभार सभासदांनीच पाहावा, असा मार्ग निघाला. मला तो योग्य वाटतो. गावाची संस्था गावाची राहिली. मात्र हक्काचा कर नसल्यामुळे अनुदानाचा हप्ता लांबला की ग्रंथपालाचा पगारही लांबतो, आणि तो पगार मुळात किती असतो हे न बोललेले बरे.

दुसरी अडचण आपल्या घरातली. बहुतेक वाचनालयांत वर्तमानपत्रांचे टेबल सर्वांना खुले असते. तिथे रोज येणारा पेन्शनर, नोकरीच्या जाहिराती उतरवून घेणारा मुलगा, यांतले कितीतरी जण सभासद नसतात. वाचनालय त्यांचे, मत मात्र त्यांना नाही. ज्यांना मत आहे ते वार्षिक सभेला येत नाहीत. मग गणपूर्तीअभावी सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी पुन्हा भरते. तिला गणपूर्तीची अट नसते. सात-आठ माणसे वर्षाचा जमाखर्च मंजूर करतात, चहा घेतात, आणि बाहेर टेबलाशी पेपर वाचत बसलेल्यांना आत सभा झाली याचा पत्ताही नसतो.