बाकफिश

बाकफिश : किशोरवयीन मुलीसाठी जर्मन भाषेत रूढ असलेला, आता जुनाट झालेला बोलीशब्द. ‘बाकेन’ म्हणजे भाजणे किंवा तळणे. ‘फिश’ म्हणजे मासा. उकडून वाढण्याइतका मोठा न झालेला, तळूनच खावा असा कोवळा मासा, ही त्याची सर्वांत पटणारी फोड. सोळाव्या शतकात मात्र तो मुलींना लावत नसत. विद्यापीठातले विद्यार्थी पोरसवदा, नवख्या सोबत्याला बाकफिश म्हणत. त्यामुळे ‘बाकालाउरेउस’ या पहिल्या पदवीच्या नावावर केलेली ती कोटी असावी, असेही एक मत आहे. लहान म्हणून पाण्यात परत सोडलेला मासा, ही इंग्रजी ‘बॅक’शी नाते जोडणारी व्युत्पत्ती ओढूनताणून आणलेली वाटते.

पुढे हा शब्द मुलींना चिकटला, तरी व्याकरणात पुल्लिंगीच राहिला. मुलगी बाकफिश कधी होते, याचे वय एका लोकप्रिय यमकाने चौदा वर्षे आणि सात आठवडे असे नेमके ठरवून टाकले होते. एकोणिसाव्या शतकात शाळा संपलेली पण लग्न न ठरलेली, सुखवस्तू घरातली मुलगी डोळ्यांपुढे ठेवून पुस्तके निघू लागली. क्लेमेंटीने हेल्म यांची बाकफिशच्या सुखदुःखांवरची कादंबरी १८६३ मध्ये आली. एमी फोन रोडेन यांची ‘डेर ट्रोट्सकोप्फ’ १८८५ मध्ये, लेखिकेच्या निधनानंतर लगेच प्रसिद्ध झाली. तिची नायिका इल्झे ही जमीनदाराची हट्टी लेक. वसतिशाळेत तिला वळण लागते आणि शेवटी तिचे लग्न ठरते. या वाङ्मयाने मुलींना स्वतःच्या वयाची पुस्तके दिली, हे त्याचे मोठे श्रेय. पण त्यांचा हूडपणा मोडून काढण्यासाठीच तो रंगवला, हेही तितकेच खरे. ज्या मुली त्याच वयात घरकामाला किंवा गिरणीत जात, त्यांच्या वाट्याला हे मधले वय आलेच नाही. शब्दात लाड आहे, तसा मोठ्यांचा वरचढपणाही आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर ‘टीनएजर’ या अमेरिकी शब्दाने त्याला मागे टाकले. आज हॅम्बुर्गच्या टपरीवर बाकफिश मागितला, तर पिठात बुडवून तळलेला मासा पावात घालून मिळतो. ऱ्हाइनकाठच्या व्होर्म्स शहरात १९३३ पासून भरणारा बाकफिश उत्सवही माशांचा आणि कोळ्यांचाच. मुलीच्या अर्थाने हा शब्द डचमध्ये ‘बाकफिस’ आणि हंगेरियनमध्ये ‘बॉकफिश’ अशा रूपांत गेला.