टंचाईतला भाव कोणी सोसावा?

आरंभीच एक प्रश्न आपणांसमोर ठेवतो. गावावर संकट कोसळले, माल अपुरा पडला, अशा वेळी विकणाऱ्याने भाव वाढवावा की नाही? बहुतेकांच्या तोंडी उत्तर तयार असते : वाढवू नये, वाढवील तो नफेखोर. उत्तर भल्या मनाचे आहे, पण अपुरे आहे. आपल्यातील कित्येक कुटुंबांचा उदरनिर्वाह व्यापारावर, वाहतुकीवर, दुकानदारीवर चालतो. आपली मुलेमुली आता औषधशास्त्राचे, वैद्यकाचे, वाणिज्याचे शिक्षण घेत आहेत. उद्या गल्ल्यावर तीच बसणार आहेत. म्हणून इतिहास या बाबतीत काय सांगतो, हे जरा बारकाईने पाहू या.

प्रथम मदीनेकडे वळू. प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्या काळात एकदा बाजारात महागाई झाली. लोक त्यांच्याकडे गेले आणि आपण भाव ठरवून द्यावेत अशी विनंती केली. प्रेषितांनी ती मान्य केली नाही. भावाचा चढउतार अल्लाहच्या हाती आहे आणि कोणाच्याही मालावर आपल्याकडून अन्याय झाला असे होऊ नये, असा त्यांच्या उत्तराचा आशय हदीसमध्ये आला आहे. आमचे काही व्यापारी बंधू ही हदीस मोठ्या आवडीने सांगतात, आणि पुढे गप्प बसतात! पुढची गोष्ट अशी की, त्याच प्रेषितांनी धान्य दाबून ठेवणाऱ्याला पापी म्हटले. शहराबाहेर जाऊन, बाजारभाव ठाऊक नसलेल्या काफिल्याचा माल वाटेतच गाठून घेण्यासही त्यांनी मनाई केली. म्हणजे निसर्गाने माल कमी केला म्हणून चढलेला भाव एक, आणि माणसाने माल लपवून चढवलेला भाव दुसरा. दोन्ही आकडे सारखेच दिसतील, पण त्यांचा न्याय वेगळा.

मग गरिबाने काय करावे? याचे उत्तर हजरत उमर (रजि.) यांच्या कारकिर्दीत मिळते. हिजरी सन १८ मध्ये, म्हणजे इ. स. ६३९ च्या सुमारास, अरबस्तानात भीषण दुष्काळ पडला. त्या वर्षाला ‘राखेचे वर्ष’ असे नाव पडले. खलिफांनी सीरियाकडून धान्याचे काफिले मागविले, मदीनेत हजारोंच्या पंक्ती बसविल्या, लोकांना मिळेपर्यंत स्वतः तूप-मांस वर्ज्य केले आणि भुकेपोटी झालेल्या चोरीची कठोर शिक्षा तहकूब ठेवली. माल आणणे आणि भुकेल्यापर्यंत पोचवणे हे शासनाचे काम, असा हा पायंडा होता.

याच्या अगदी उलट टोकाला दिल्लीचा सुलतान अलाउद्दीन खिलजी. शालेय पुस्तकात त्याच्या बाजार-नियंत्रणाच्या दोन ओळी असतात. बरनीने मात्र सविस्तर वर्णन केले आहे. गहू मणाला साडेसात जितल, जव चार, तांदूळ व हरभरा पाच, असे भाव बांधून दिलेले. (तो मण आजच्यापेक्षा पुष्कळ लहान होता.) वजनात मारणाऱ्याच्या अंगाचे तेवढे मांस कापून घेत. बाजाराच्या प्रमुखाने अर्धा जितल वाढवून मागितला तर त्यालाच छड्या बसल्या. वाचून वाटते, झाले, धाकाने सगळे सरळ होते! पण पुढे वाचावे. दुआबातला शेतसारा सुलतान धान्याच्या रूपाने घेई आणि सरकारी कोठारे भरून ठेवी. धान्य वाहून आणणाऱ्या तांड्यांना त्याने कुटुंबांसह यमुनाकाठी वसविले आणि पुरवठ्याबद्दल एकमेकांना जामीन राहायला लावले. पाऊस ओढला की मोहल्ल्यातील वाण्यांना रोजचे ठरलेले धान्य मिळे आणि सामान्य गिऱ्हाइकाला एका वेळी अर्ध्या मणापेक्षा जास्त मिळत नसे. म्हणजे भाव टिकला तो छडीने कमी आणि कोठाराने अधिक. या व्यवस्थेचे ओझे दुआबातील शेतकऱ्याने वाहिले, हेही विसरू नये. १३१६ मध्ये सुलतान मरण पावला आणि थोड्याच काळात ती व्यवस्था कोसळली.

योगायोग पाहा, त्याच काळात दमास्कसमध्ये इमाम इब्न तैमिया (मृत्यू १३२८) या प्रश्नावर लिहीत होते. त्यांनी मदीनेच्या हदीसचा उलगडा केला तो असा : माल खरोखर कमी आहे किंवा घेणारे वाढले आहेत म्हणून भाव चढला, तर सक्तीने तो उतरवणे हा अन्याय, पण लोकांना निकडीची असलेली वस्तू विकणारे दाबून बसले किंवा त्यांनी आपसात संगनमत केले, तर योग्य भावाने विकायला लावणे हे शासकाचे कर्तव्य. सातशे वर्षांनंतरही यात फारसे बदलावे असे काही मला दिसत नाही.

आता आपल्या नागपूरकडे येऊ. १८९६-९७ च्या दुष्काळात नागपूर ही मध्य प्रांताची राजधानी होती. व्यापारात हात घालायचा नाही, हे सरकारचे धोरण १८८० च्या दुष्काळ आयोगापासून पक्के झाले होते. भाव चढला की माल आपोआप येईल, हा त्यामागचा विश्वास. रेल्वे तर १८६७ मध्येच नागपुरात आली होती. माल येऊही शकत होता. परंतु ज्याच्या हातात मजुरीच नाही त्याला स्टेशनात उतरलेल्या पोत्यांचा उपयोग काय? मदतीची कामे अपुरी व उशिरा निघाली. १८९७ मध्ये या प्रांतातील मृत्यूचे प्रमाण नेहमीच्या जवळजवळ दुप्पट झाले. तीन वर्षांनी पुन्हा दुष्काळ, पीक अधिकच बुडालेले. या वेळीही भाव मोकळेच ठेवले, पण हात सैल सोडला : १९०० च्या जुलैत प्रांतातील वीस लाखांहून अधिक माणसे सरकारी मदतीवर होती. मृत्यू तेव्हाही पुष्कळ झाले, पटकीने कहर केला, तरी १८९७ इतके नव्हे. बाजाराचे धोरण दोन्ही वेळा एकच होते. फरक पडला तो गरिबाच्या हाती काय दिले त्यात.

१९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राने हाच धडा मोठ्या प्रमाणावर गिरवला. मे १९७३ मध्ये सुमारे पन्नास लाख लोक दुष्काळी कामांवर होते, आणि ती सुकडी खाल्लेले कित्येक वडीलधारे आजही आठवण सांगतात. त्याच वर्षी केंद्र सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार स्वतःच्या हाती घेतला; गहू बाजारातून दिसेनासा झाला आणि १९७४ मध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. उलट रफी अहमद किदवाई यांनी अन्नमंत्री असताना (१९५२-५४) धान्यावरील नियंत्रणे धाडसाने उठवली आणि लपलेले धान्य बाहेर आले. पाऊसही त्यांच्या बाजूने होता, हे खरे.

एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात हा प्रश्न पुन्हा उभा राहिला. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयांत खाट नाही, प्राणवायू नाही, आणि प्रत्येक नातेवाइकाच्या हातात रेमडेसिविरची चिठ्ठी. (या औषधाची शिफारस करता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने नोव्हेंबर २०२० मध्येच सांगितले होते, पण व्याकूळ बापाला हे कोण सांगणार?) केंद्राने ११ एप्रिलला निर्यात थांबवली. काही दिवसांतच कंपन्यांनी किमती उतरवल्या. एका कंपनीची कुपी २८०० रुपयांवरून ८९९ वर आली. छापील किंमत उतरली, कुप्या मात्र वाढल्या नाहीत! मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन १९ एप्रिलला नागपूरसाठी दहा हजार कुप्या देण्याचा आदेश दिला. दरम्यान काळ्या बाजारात हीच कुपी कितीतरी पट किमतीला विकली जात होती, आणि पकडलेल्यांत रुग्णालयांतील कर्मचारीही निघाले.

आता विद्यार्थी मित्रांनी येथे थोडे थांबून विचार करावा. भाव वाढला की उत्पादक अधिक माल काढतो, हे अर्थशास्त्राचे सूत्र आपण परीक्षेत लिहितो. काळ्या बाजारातील ती वाढीव रक्कम कोणाकडे गेली? कारखान्याकडे नाही. ज्याने एका रुग्णाची कुपी चोरून दुसऱ्या रुग्णाला विकली, त्याच्या खिशात. तिच्यामुळे एकही नवी कुपी तयार झाली नाही. अशी भाववाढ म्हणजे व्यापारच नव्हे, आणि तिच्यासाठी मागणी-पुरवठ्याचा दाखला देणे हा त्या शास्त्राचाही अपमान आहे.

प्राणवायूची गोष्ट मात्र निराळी. द्रवरूप प्राणवायूचा कारखान्यातील भाव सरकारने सप्टेंबर २०२० मध्येच घनमीटरला १५ रुपये २२ पैसे असा बांधला होता. त्यामुळे अडचण तेथे नव्हती, अडचण टँकरची होती. अतिथंड द्रव वाहणारे टँकर देशात मोजकेच, आणि ते सर्वांनाच हवे. भिलाईला वायू आहे आणि नागपुरात रुग्ण तडफडत आहे, मधले अंतर कोण तोडणार?

ताजबागेच्या वस्तीत वाढलेले, नागपूर रेल्वे स्थानकाबाहेर संत्री विकलेले, रिक्षा चालवलेले आणि पुढे मोठे वाहतूक व्यावसायिक झालेले प्यारे खान यांचे नाव आपण जाणताच. ते त्या वेळी पुढे आले. बंगळूरहून दोन टँकर मिळत होते, परंतु नेहमीच्या सुमारे तिप्पट भाड्याने. त्यांनी घासाघीस करण्यात दिवस घालवला नाही, भाडे दिले. भिलाई, रूरकेला येथून फेऱ्या सुरू झाल्या. सुमारे चारशे टन प्राणवायू आणि आठवडाभरात ८५ लाखांच्या घरात खर्च, असे त्या वेळच्या वृत्तपत्रांनी नोंदवले आहे.

टँकरमालकाने तिप्पट घेतले ते योग्य होते का? मला विचाराल तर, नव्हते. त्याच्या जागी मी असतो तर वाढीव इंधन, चालकाची जोखीम आणि रिकाम्या परतीचा खर्च एवढेच घ्यावे असे म्हटले असते. तरी एक कबूल केले पाहिजे : त्याने टँकर लपवला नाही, तो रस्त्यावर आणला. त्याला अटक केली असती तर टँकर बंगळूरलाच उभा राहिला असता. इमाम इब्न तैमियांच्या मापाने तो कुपीचोरांच्या ओळीत बसत नाही. आणि ते तिप्पट भाडे मेडिकलच्या खाटेवरील एकाही रुग्णाच्या बिलात चढले नाही.

तो रमजानचा महिना होता. प्रशासनाने खर्चाची भरपाई देऊ केली, तेव्हा प्यारे खान यांनी ती घेतली नाही. ही आपली जकात आहे, असे त्यांनी सांगितले.