गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास: गॉटिंगेन ते बीड

गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेला हिस्टेरेक्टॉमी म्हणतात. बोलीभाषेत 'पिशवी काढणे'. कर्करोगात किंवा कशानेही न थांबणाऱ्या रक्तस्रावात ती जीव वाचवते. मग बीड जिल्ह्यात तिच्यावरून शासनाला समिती का नेमावी लागली? उत्तरासाठी शस्त्रक्रियेचा इतिहास आणि ती करून घेणाऱ्या बाईचे रोजचे जगणे, दोन्ही पाहावे लागते.

१. धोका कमी झाला

१८१३ साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे कोनराड लांगेनबेक यांनी भूल न देता योनिमार्गे गर्भाशय काढले. रुग्ण जगली. १८४३ मध्ये मँचेस्टरच्या चार्ल्स क्ले यांनी पोट उघडून हीच शस्त्रक्रिया केली. ती रुग्ण दगावली. १८५३ मध्ये अमेरिकेत वॉल्टर बर्नहॅम यांची रुग्ण वाचली. पुढे भूल, निर्जंतुकीकरण, रक्त भरण्याची सोय आणि प्रतिजैविके आली. धोका जसा कमी झाला, तसा 'काढून टाका' हा निर्णयही सोपा झाला.

२. मुंबईचा दुसरा मार्ग

अंग बाहेर येणे या तक्रारीवर गर्भाशय काढणे हा सर्रास उपाय होता. तरुण स्त्रियांसाठी मुंबईतील शल्यविशारदांनी वेगळा विचार केला. गोव्यात जन्मलेले डॉ. वि. ना. शिरोडकर आणि डॉ. वि. ना. पुरंदरे यांनी गर्भाशय न काढता ते वर उचलून बांधण्याच्या पद्धती विकसित केल्या. गर्भाशयाचे तोंड शिवून गर्भ टिकवणारा 'शिरोडकर टाका' तर जगभर वापरला जातो. म्हणजे अवयव राखण्याची विद्या याच राज्यात घडली होती.

३. गडचिरोलीचा इशारा, बीडचे वास्तव

१९८९ मध्ये डॉ. राणी व अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांचा अभ्यास 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केला. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. त्याआधी तपासणी झालेल्या फारच थोड्या होत्या. दुखणे अंगावर काढणे हीच रीत होती.

बीडमध्ये या दुखण्याला ऊसतोडीची जोड मिळाली. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. खाडा पडला की पैसे कापले जातात. फडात शौचालय नाही, पाण्याची सोय नाही. अशा वेळी पाळी आणि अंगावरून पांढरे जाणे या तक्रारी थेट मजुरीवर येतात. त्यात 'कॅन्सर होईल' अशी भीती घातली, की पिशवी काढणे हाच मार्ग वाटतो. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली, म्हणजे साधारण सहांतली एक.

४. पर्याय आणि विश्रांती

अंगावरून पांढरे जाण्यावर कारणानुसार औषधे असतात. अति रक्तस्रावावर गोळ्या किंवा हार्मोन सोडणारी तांबी उपयोगी पडते. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेले सेंटक्रोमनही वापरतात. गाठी असतील तर बऱ्याचदा फक्त गाठी काढता येतात.

पोट उघडून शस्त्रक्रिया झाल्यास सुमारे सहा ते आठ आठवडे जड उचलायचे नसते. हलके चालणे लवकर सुरू करावे, म्हणजे पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका घटतो. ताप, जास्त रक्तस्राव किंवा पायाला सूज आली तर लगेच दवाखाना गाठावा. बीजकोशही काढले असतील तर रजोनिवृत्ती लगेच येते आणि हाडे लवकर ठिसूळ होऊ शकतात. मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणाऱ्या बाईला ही विश्रांती कोण देणार?

५. न्यायालय

बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातील अशाच प्रकरणांवर डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचे आदेश राज्यांना दिले.

आमच्या अभियांत्रिकीत भाग बदलण्याआधी बिघाडाचे कारण शोधतात. बीडमध्ये कारण फडात आणि उचलीच्या हिशेबात होते. बदलले गेले ते बाईचे शरीर.

विचारासाठी प्रश्न
१. शस्त्रक्रिया सुरक्षित झाल्याने तिचा गैरवापर का वाढू शकतो?
२. खाड्याची कपात बंद झाली, तर कोणता वैद्यकीय निर्णय बदलेल?