सात टिचक्यांमागचा इतिहास

मोबाईल ॲपची चाचणी यंत्राकडून करून घ्यायची तर आधी कॉम्प्युटर आणि फोनची सोयरीक जुळवावी लागते. जावा टाका, अँड्रॉइडचा एसडीके टाका, पाथ सेट करा, ॲपियम टाका, सेटिंग्जमध्ये 'बिल्ड नंबर'वर सात टिचक्या मारा, यूएसबी डीबगिंग चालू करा, केबल जोडा. टीममधल्या नव्या पोरांना हे निव्वळ कर्मकांड वाटतं. मला यात इतिहास दिसतो.

सुरुवात ब्राउझरपासून. २००४ मध्ये शिकागोला थॉटवर्क्समध्ये जेसन हगिन्सने सेलेनियम लिहिलं. त्या काळी या धंद्यात मर्क्युरी कंपनीचा दबदबा होता, आणि पाऱ्याच्या विषबाधेवर सेलेनियम हा उतारा, म्हणून हे खोडकर नाव! पुढे फोन आले. ॲपलने २०१० मध्ये स्वतःचं साधन दिलं, पण चाचण्या जावास्क्रिप्टमध्येच लिहायच्या. डॅन क्वेलारला ते जाचक वाटलं. त्याने त्यावर केलेली युक्ती २०१२ मध्ये लंडनच्या सेलेनियम परिषदेत दाखवली, हगिन्स सोबत आला आणि त्यातून ॲपियम उभं राहिलं.

आता त्या सात टिचक्या. अँड्रॉइड ४.२ पर्यंत डेव्हलपर ऑप्शन्स उघड्यावर असायचे. नोव्हेंबर २०१२ मध्ये ते लपवले गेले. फेब्रुवारी २०१३ च्या ४.२.२ पासून फोन विचारू लागला, 'या कॉम्प्युटरवर विश्वास ठेवू का?' आधी डीबगिंग चालू असलेला फोन कुठल्याही कॉम्प्युटरला जोडला की काम झालं! ॲप टाका, स्क्रीन बघा, बटणं दाबा. चाचणीच्या यंत्राला हवी असते तीच मुभा चोरालाही हवी असते हो. म्हणून सांगतो, चाचणीसाठी वेगळा फोन ठेवा. ज्यावर बँकेचे ओटीपी येतात तो नको.

पण मला सगळ्यात भावते ती गोष्ट वेगळीच. यंत्राला स्क्रीनवरचं बटण 'दिसतं' कसं? २००९ मध्ये आयफोनवर व्हॉइसओव्हर आणि अँड्रॉइडवर टॉकबॅक आलं. दृष्टिहीन माणसाला बटणाचं नाव वाचून दाखवायला ॲपने ते नाव कुठेतरी सांगायला हवं, त्यासाठी ही सोय. चाचणीची साधनं नंतर आली आणि याच वाटेने आत शिरली. ॲपियममध्ये आजही घटक शोधायची एक पद्धत 'ॲक्सेसिबिलिटी आयडी' आहे, ती उगीच नाही.

आता बघा, बटणावर नुसतं चित्र आहे, नाव दिलेलंच नाही. मग घाईत टेस्टर काय करतो? एक्स-वाय आकडे देऊन त्या जागी टिचकी मारतो. चाचणी हिरवी, मॅनेजर खूश. तिकडे टॉकबॅकवर वीजबिल भरणाऱ्या बाईंना मात्र फक्त 'बटण' एवढंच ऐकू येतं. पैसे भरायचं की रद्द करायचं?

आमच्या टीममध्ये मी आकडे देऊन टिचकी मारू देत नाही. नाव नसेल तर तो बग, आणि तो रिलीजच्या आधी सुटायला हवा. यावरून दर महिन्याला एकदा तरी भांडण होतं. होऊ दे.